कंपनीचा माणूस येतोच, मग बायोमेडिकल इंजिनिअर कशाला?

नमस्कार. आपण तालुक्याच्या गावातील ५० खाटांच्या धर्मादाय रुग्णालयाचे विश्वस्त आहात. बरीचशी यंत्रे देणगीतून आलेली आहेत, महत्त्वाच्या यंत्रांसाठी कंपन्यांशी वार्षिक देखभालीचे करार आहेत, आणि तरीही सल्लागार डॉक्टरांनी बायोमेडिकल इंजिनिअर नेमण्याचा आग्रह धरला आहे. यंत्र बंद पडले की कंपनीचा माणूस येतो आणि दुरुस्त करून जातो, मग आणखी एका पगाराचा बोजा कशासाठी, असा आपला प्रश्न आहे. त्याबरोबर आपण असेही विचारले आहे की २०२१ पासून स्टोअरमध्ये पडून असलेल्या दोन व्हेंटिलेटरचे काय करावे. त्या व्हेंटिलेटरकडे शेवटी येतो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो, कारण तो जवळजवळ प्रत्येक विश्वस्त मंडळात भेटतो. ‘बायोमेडिकल’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर पिवळ्या आणि लाल पिशव्यांतला जैववैद्यकीय कचरा येतो. मला स्वतःला एका बैठकीत ‘हे आपले कचऱ्याचे साहेब’ अशी ओळख करून देण्यात आली होती. कचऱ्याचे काम महत्त्वाचे आहे, पण ते आमचे नव्हे. वैद्यकीय यंत्र निवडणे, बसवणे, तपासणे, वापरणाऱ्यांना शिकवणे आणि वेळ आली की ते मोडीत काढणे, हे आमचे काम आहे. मी २४ वर्षे हे काम करतो आहे. त्यांतली पहिली सहा वर्षे मी एका कंपनीच्या सर्व्हिस विभागात होतो, त्यामुळे आपण ज्या ‘कंपनीच्या माणसा’वर विसंबून आहात, तो मीही होतो.

आपला प्रश्न बंद पडलेल्या यंत्राविषयी आहे. माझ्या अनुभवात बंद पडलेले यंत्र फारसे घातक नसते, कारण ते बंद आहे हे सगळ्यांना दिसते आणि सिस्टर लगेच दुसरे शोधतात. भीती चालू असलेल्या, दिवा लागलेल्या, पडद्यावर आकडे दाखवणाऱ्या आणि तरीही चुकीचे काम करणाऱ्या यंत्राची असते. अशा यंत्राबद्दल कंपनीला कोणी फोन करत नाही, कारण तक्रार करण्यासारखे काही घडलेले आहे हेच कोणाला ठाऊक नसते.

एक प्रसंग सांगतो. मी नोकरीला लागलो त्या एका रुग्णालयाच्या नवजात कक्षात इन्चार्ज सिस्टर सहज म्हणाल्या, ‘हल्ली बाळांची कावीळ लवकर उतरतच नाही, चार-चार दिवस लाइटखाली ठेवावे लागते.’ डॉक्टरांनी रक्तगट पाहिले होते, दूध पुरेसे मिळते का हे पाहिले होते, प्रयोगशाळेच्या तपासण्यांवरही शंका घेतली होती. फोटोथेरपीच्या यंत्रावर कोणाचाच संशय नव्हता, कारण निळा उजेड तर छान पडत होता. मी उजेडाची तीव्रता मोजणारा इरॅडियन्स मीटर बाळाच्या पोटाच्या उंचीवर धरला. तीव्र फोटोथेरपीसाठी ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या पट्ट्यात दर चौरस सेंटिमीटरला दर नॅनोमीटरमागे निदान ३० मायक्रोवॅट इतकी तीव्रता लागते; मीटर ६ दाखवत होता. कारणे तीन निघाली. नळ्यांचे ठरलेले तास केव्हाच उलटून गेले होते. खालच्या अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर धुळीचा थर होता. आणि पाळण्यात काम करताना डोक्याला लागते म्हणून कोणीतरी दिव्याचा दांडा वीतभर वर चढवून ठेवला होता. नळ्या बदलल्या, पत्रा पुसला, दांडा खाली आणला आणि योग्य उंचीवर रंगीत पट्टीची खूण केली. आकडा ३४ वर गेला. एकूण खर्च काही हजारांचा होता. माणसाच्या डोळ्याला ६ आणि ३४ मधला फरक कळत नाही, दोन्ही निळेच दिसतात. कंपनीचा करार त्या यंत्रालाही होता, आणि दर चार महिन्यांनी येणारा मुलगा कागदावर ‘यंत्र चालू स्थितीत’ असे लिहून सही घेऊन जात होता. त्याने खोटे काहीच लिहिले नव्हते.

दुसरे उदाहरण सिरिंज पंपाचे, म्हणजे सिरिंजमधले औषध ठरावीक वेगाने सोडणाऱ्या यंत्राचे, कारण त्यात यंत्र बिघडलेलेही नसते. सिरिंज पंपाला औषध किती गेले ते प्रत्यक्षात कळत नाही. तो फक्त दट्ट्या किती मिलिमीटर सरकवला एवढे जाणतो आणि सिरिंजच्या आतल्या व्यासावरून मिलिलिटरचा हिशेब करतो. म्हणून पंपाच्या मेनूत सिरिंजची कंपनी निवडावी लागते. एकाच ५० मिलिलिटरच्या दोन कंपन्यांच्या सिरिंजचा व्यास थोडा वेगळा असू शकतो. स्टोअरने दर कमी मिळाला म्हणून सिरिंजचा ब्रँड बदलला आणि पंपात जुनेच नाव राहिले, तर रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाची मात्रा दिवसभर थोडी कमी किंवा थोडी जास्त जात राहते, आणि पंप एकदाही वाजत नाही. स्टोअरकीपरने पैसे वाचवले, सिस्टरने नेहमीप्रमाणे पंप लावला, कंपनीने पंप नीट ठेवला. तिघांचेही काम चोख, आणि गडबड नेमकी तिघांच्या मधल्या जागेत झाली. त्या जागेवर उभे राहणारा माणूस म्हणजे बायोमेडिकल इंजिनिअर, अशी व्याख्या मी विद्यार्थ्यांना सांगतो.

कंपनीच्या इंजिनिअरला मी दोष देत नाही. त्याच्याकडे पाच-सहा जिल्हे असतात, त्याचे मूल्यमापन किती कॉल बंद केले यावर होते आणि त्याची जबाबदारी त्याच्या यंत्राच्या प्लगपर्यंत असते. प्लगच्या पलीकडे रुग्णालयाची वीज, अर्थिंग, ऑक्सिजनची पाइपलाइन, एसी आणि माणसे सुरू होतात. एका ठिकाणी मे महिन्यात मॉनिटरवरील ईसीजीची रेषा करवतीसारखी दिसू लागली. कंपनीने केबल बदलली, मग आतला बोर्ड बदलला. बोर्डाचे बिल आले, पण रेषा तशीच राहिली. मी मल्टिमीटर घेऊन सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजला तेव्हा तो १८ व्होल्ट निघाला; तो एक-दोन व्होल्टच्या आसपास असायला हवा. इमारतीमागचा अर्थिंगचा खड्डा उन्हाने ठणठणीत कोरडा पडला होता आणि पट्टीचा जोड गंजून सुटला होता. जोड नवीन केला, खड्ड्यात नळी सोडून पाणी घालण्याचे काम माळीकाकांच्या रोजच्या कामांत लिहून टाकले, आणि रेषा स्वच्छ झाली.

अर्थिंगचा मुद्दा केवळ रेषेपुरता नाही. वैद्यकीय यंत्रांच्या विद्युत सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, ज्या यंत्राचा भाग थेट हृदयाशी जोडला जातो त्यातून रुग्णाच्या शरीरात झिरपणारा प्रवाह सामान्य स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या आत असावा लागतो. आपल्या घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा घेतो त्याच्या हा सुमारे चार हजारावा हिस्सा आहे. आपल्याला बोटाला जाणवणारही नाही इतका हा प्रवाह असतो. मात्र त्वचेचा अडथळा ओलांडून तार किंवा कॅथेटर आत गेलेले असते तेव्हा हिशेब वेगळा होतो. आपल्याकडे हृदयशस्त्रक्रिया होत नसतील, म्हणून १० चा आकडा आपल्याला क्वचितच लागू पडेल. पण शस्त्रक्रियागृहातील आणि अतिदक्षता विभागातील प्रत्येक यंत्राची विद्युत गळती वर्षातून एकदा तरी मोजली जावी, आणि ती मोजण्याचे उपकरण साध्या वायरमनकडे नसते.

ऑक्सिजनचे गणित विश्वस्तांनी स्वतः करून पाहावे असे मी नेहमी सुचवतो, कारण ते कागदावर दोन ओळींत होते. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो. नाकातल्या नळीने मिनिटाला ५ लिटर घेणाऱ्या रुग्णाला तो १,४०० मिनिटे, म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवस पुरतो. तोच रुग्ण नाकातून जोराने वायू देणाऱ्या हाय-फ्लो यंत्रावर शुद्ध ऑक्सिजनच्या ६० लिटरवर गेला तर सिलिंडर दोन तासही टिकत नाही. एक यंत्र देणगीत आले म्हणून आनंदाने लावले आणि मॅनिफोल्डची, म्हणजे अनेक सिलिंडर पाइपलाइनला जोडणाऱ्या व्यवस्थेची, क्षमता तीच राहिली, तर रात्री तीन वाजता सिलिंडर बदलणाऱ्या मामांवर सगळे येऊन ठेपते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती होऊन पाइपलाइनमधला दाब गेला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. व्हेंटिलेटर तेथेही होते. पाइपलाइनमधला दाब साधारण ४ बार असतो. तो उतरू लागला की वाजणारा अलार्म आपल्याकडे कोठे बसवलेला आहे, आणि तो वाजला तर रात्री कोणाला ऐकू येतो, हे एकदा स्वतः जाऊन पाहा. मी पाहिलेल्या एका ठिकाणी तो कुलूपबंद मॅनिफोल्डच्या खोलीतच होता.

माणसांना शिकवणे हा या कामाचा असा भाग आहे जो कोणत्याच करारात नीटसा बसत नाही. बेबी वॉर्मरचे पाहा. बाळाच्या त्वचेवर चिकटवलेला प्रोब तापमान सांगतो आणि त्यानुसार हीटर कमी-जास्त होतो. प्रोब सुटून बाजूला पडला तर तो खोलीची हवा मोजू लागतो. यंत्राला वाटते बाळ गार पडले आहे, आणि ते आणखी तापते. उलट प्रोब बाळाच्या पाठीखाली दबला तर यंत्राला बाळ गरम वाटते, हीटर मंदावतो आणि बाळ गारठते. दोन्ही वेळा यंत्र निर्दोष असते. नवीन सिस्टरला हे एकदा पाणी भरलेल्या पिशवीवर प्रोब लावून प्रत्यक्ष दाखवले की ती पुन्हा विसरत नाही. कंपनीचे प्रशिक्षण यंत्र बसवतात त्या दिवशी, पेढे वाटले जातात त्याच्या आसपास, एकदा होते. त्या दिवशी हजर असलेल्या सिस्टर वर्षभरात निम्म्याहून अधिक बदललेल्या असतात.

आता देणगी. देणगीदाराला नाही म्हणणे अवघड असते हे मला कळते. त्याच्या वडिलांच्या नावाची पाटी यंत्रावर लागायची असते. तरीही यंत्र स्वीकारण्यापूर्वी चार गोष्टी विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. त्याला सतत काय लागते आणि ते कितीला मिळते, सुटे भाग किती वर्षे मिळणार, जवळचा सर्व्हिस इंजिनिअर कोठे बसतो, आणि आपल्या विजेवर व जागेत ते चालेल का. प्रयोगशाळेतील रक्त तपासणारे कित्येक अ‍ॅनलायझर स्वस्तात किंवा फुकट मिळतात, पण त्यांत त्याच कंपनीचे रिएजंट, म्हणजे तपासणीचे रसायन, चालते. तेथे हत्ती फुकट मिळतो आणि चारा विकत घ्यावा लागतो. देणगीदाराला तेच पैसे सध्याच्या मॉनिटरच्या बॅटऱ्या, प्रोब आणि कफ यांसाठी द्यायला सांगून पाहा. पाटी तेथेही लावता येते, आणि नीट समजावले तर बहुतेक जण ऐकतात.

कायद्याच्या बाजूने थोडेच सांगतो. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांचा मुख्य भार उत्पादक, आयातदार आणि विक्रेते यांच्यावर आहे. आपल्यावर थेट येते ते असे: एक्स-रे यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आणि दर दोन वर्षांनी गुणवत्ता तपासणी, सोनोग्राफी यंत्रासाठी गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखालील नोंदणी. देणगीत आलेले सोनोग्राफी यंत्र ‘नंतर कागद करू’ म्हणून कधीही दारातून आत घेऊ नका. याशिवाय उपकरणामुळे रुग्णाला इजा झाली किंवा होता होता टळली, तर ते कळवण्यासाठी २०१५ पासून देशभर मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू आहे. आपल्याकडे अशा घटना नोंदवायला लोक घाबरतात, कारण नोंद म्हणजे कोणाची तरी चूक असे मानले जाते. कक्षात रोज असणारा इंजिनिअर असला की ही भीती कमी होते, असे मी पाहिले आहे.

मग माणूस नेमावा का? हे परिस्थितीवर अवलंबून आहे. आपल्याकडे नवजात अतिदक्षता कक्ष, रोज चालणारे शस्त्रक्रियागृह आणि दोनांहून अधिक व्हेंटिलेटर वापरात असतील, आणि शहर तीन तासांच्या अंतरावर असेल, तर मी पूर्णवेळ माणूस नेमा असेच सांगेन. प्रसूती, लहान शस्त्रक्रिया आणि सामान्य वॉर्ड एवढेच असेल, तर ५० खाटांना पदवीधर इंजिनिअर पूर्णवेळ परवडणारही नाही आणि त्याला पुरेसे कामही मिळणार नाही. कंटाळून तो वर्षात सोडून जाईल. अशा वेळी मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला स्थानिक मुलगा किंवा मुलगी कायम ठेवावी, आणि आसपासच्या तीन-चार रुग्णालयांनी मिळून एक अनुभवी इंजिनिअर महिन्यातून ठरावीक दिवस बोलवावा. मोजमापाची उपकरणे महाग असतात, तीही सामायिक घेता येतात. ही व्यवस्था मी दोन ठिकाणी उभी केली. एका ठिकाणी ती चालली, दुसऱ्या ठिकाणी रुग्णालयांचे आपसात बिनसले आणि मोडली. सरकारी आरोग्य व्यवस्थेनेही २०१५ पासून यंत्रांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला आहे, आणि त्यात जिल्हा रुग्णालयातील यंत्रे ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयातील ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील ८० टक्के वेळ चालू असावीत असे उद्दिष्ट ठेवले आहे. ते मोजमाप चांगले आहे, पण फोटोथेरपीचा तो निळा दिवा या हिशेबात शंभर टक्के चालू धरला गेला असता, हे ध्यानात ठेवा.

कोणालाही नेमण्याआधी आपल्याच कर्मचाऱ्यांकडून एक काम करून घ्या. एक जाड वही घ्या आणि प्रत्येक यंत्राला एक पान द्या: नाव, अनुक्रमांक, कधी आले, कोणाकडून आले, करार कोणता आणि केव्हा संपतो, शेवटचे कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचे आकडे प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहणे, केव्हा झाले. करार वाचताना तो एएमसी आहे की सीएमसी हे पाहा. पहिल्यात बहुधा फक्त भेट आणि मजुरी असते, दुसऱ्यात सुटे भागही येतात, आणि बॅटरी, प्रोब, सेन्सर यांना दोन्हींतून वगळणारी ओळ अनेकदा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. कॅलिब्रेशनचा रकाना बहुतेक पानांवर कोरा राहिला, तर सल्लागार डॉक्टर कशासाठी आग्रह धरत आहेत ते विश्वस्त मंडळाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. डीफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, असेल तर त्या पानापासून सुरुवात करा. त्याची बॅटरी धरते का, आणि २०० ज्यूल लावल्यावर झटक्याची ऊर्जा मोजणाऱ्या अ‍ॅनलायझरवर १७० ते २३० च्या दरम्यान भरतात का, हे आधी तपासून घ्या. ते यंत्र वर्षातून दोनदाच वापरले जाते आणि तेव्हा पर्यायी यंत्र शोधायला वेळ नसतो.

आता ते दोन व्हेंटिलेटर. चार-पाच वर्षे न वापरता पडलेल्या व्हेंटिलेटरची बॅटरी बहुधा मेलेली असते. ऑक्सिजन मोजणारा सेल तर वापरला नाही तरी एक-दोन वर्षांत संपतो, त्यामुळे पडद्यावरचा ऑक्सिजनचा टक्का विश्वासाचा राहत नाही. फ्लो सेन्सर, व्हॉल्व्हचे रबर आणि फिल्टर हेही पाहावे लागतील. कंपनीला मॉडेल आणि अनुक्रमांक कळवून दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक मागवा, आणि पुढची पाच वर्षे सुटे भाग मिळतील का हे त्यातच लिहून घ्या. दुरुस्तीनंतर टेस्ट लंगवर, म्हणजे चाचणीच्या कृत्रिम फुप्फुसावर, निदान काही तास चालवून, दिलेला श्वास, दाब आणि ऑक्सिजन बाहेरच्या मीटरने मोजल्याशिवाय ते रुग्णाला लावू नका. भाग मिळत नसतील तर ठराव करून रीतसर निर्लेखित करा आणि एकूण यंत्रांच्या संख्येतून वजा करा, कारण कागदावर ‘चार व्हेंटिलेटर’ दिसले की पुढचे रुग्ण त्याच भरवशावर दाखल केले जातात. आणि हे सगळे होईपर्यंत, आजच, दोन्हींवर मोठ्या अक्षरांत ‘वापरू नये’ असा कागद चिकटवून त्यांच्या वायरी काढून कपाटात ठेवा, म्हणजे रात्रपाळीवरची नवीन सिस्टर घाईघाईत स्टोअर उघडून नेमके तेच ओढत आणणार नाही.